गाणं डॉलीचं, गळा व्हिटनीचा : एका कव्हरचा प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची रीत आहे. इथे ती पाळण्यात अर्थ नाही, कारण गाण्याचं नाव घेतल्याबरोबर सगळे ओळखले जाणार. गाणं आहे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. अमेरिकन गायिका डॉली पार्टनने ते लिहिलं आणि गायलं, पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी ते पुन्हा गायलं. आधी गाजलेल्या गाण्याच्या अशा नव्या ध्वनिमुद्रणाला कव्हर म्हणतात. खाली ज्यांची नावं येतात त्यांचं आयुष्य जाहीर आहे, आणि यातले बरेचसे प्रसंग त्यांनीच मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा सांगितलेले आहेत. बाकीच्यांचा उल्लेख हुद्द्यापुरता.

या गाण्याची चर्चा बहुतेक वेळा “काय आवाज लागलाय!” इथे सुरू होते आणि तिथेच संपते. आवाजाबद्दल वाद नाहीच. पण तो आवाज लागेपर्यंत अठरा वर्षांत काही निर्णय झाले होते. कोणी एक कागद सोडला नाही, कोणी एक फोन केला, कोणी वाद्यं काढून टाकली. मला हे प्रकरण त्या निर्णयांसाठी अभ्यासावंसं वाटतं.

पार्श्वभूमी

१९६७ साली टेनेसीच्या डोंगराळ भागातली एकवीस वर्षांची डॉली पार्टन पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात दाखल झाली. कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या गाण्यांच्या दुनियेत, वॅगनर तेव्हा बडं प्रस्थ होतं. पाच वर्षं राहीन असं डॉलीने कबूल केलं होतं, राहिली सात. दोघांची युगुलगीतं चालत होती, कार्यक्रम चालत होता, आणि नेमकं म्हणूनच वॅगनर तिला सोडायला तयार नव्हता. तिला स्वतःची वाट धरायची होती. रोजच्या वादावादीतून काही निघत नाही म्हटल्यावर ती घरी गेली, एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वॅगनरच्या ऑफिसात जाऊन त्याला म्हणून दाखवलं. डॉली सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जा म्हणाला, पण या गाण्याचं ध्वनिमुद्रण मी करून घेणार, या अटीवर.

म्हणजे हे मुळात नोकरी सोडतानाचं निरोपाचं गाणं. प्रियकर-प्रेयसीचा अर्थ त्याला सहज लागतो, पण लिहिणारीच्या समोर एक हट्टी वरिष्ठ बसलेला होता. लोक ते लग्नात वाजवतात याची मला गंमत वाटते. मी तुझ्या वाटेतली अडचण होईन म्हणून निघते, असं सांगणारं गाणं अक्षता पडल्यावर लावणं धाडसाचंच.

१३ जून १९७३ ला नॅशव्हिलमध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. १९७४ मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिलं आलं. डॉलीचं मूळ गाणं ऐकलं नसेल तर जरूर ऐका. तीन मिनिटांच्या आत आटोपतं. आवाज बारीक, थोडा थरथरता, वाद्यं मागे हटून बसलेली. आणि तिसरं कडवं ती गात नाही, बोलते. तुझं सगळं चांगलं होवो, अशा अर्थाचं ते कडवं दारात उभं राहून बोलल्यासारखं येतं. हे तिसरं कडवं पुढे कामाला येणार आहे.

आता थोडं कागदपत्रांकडे. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही एक. त्या रचनेचं विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. डॉलीचं ध्वनिमुद्रण आरसीएचं होतं. रचना मात्र तिची, आणि रचनेचं प्रकाशन, म्हणजे ती वापरायला देऊन पैसे गोळा करण्याचं काम, ‘वेल्व्हेट ॲपल म्युझिक’ या तिच्याच कंपनीकडे. रचनेच्या उत्पन्नाचे परंपरेने दोन भाग पडतात, अर्धा लेखक-संगीतकाराचा आणि अर्धा प्रकाशकाचा. बहुतेक गीतकार प्रकाशकाचा अर्धा भाग दुसऱ्या कोणाला तरी देऊन बसलेले असतात. डॉलीचे दोन्ही खिसे तिचेच होते.

पहिला पेच : एल्व्हिसचा निरोप

गाणं कंट्रीत पहिलं आल्यावर रॉक अँड रोलचा बादशहा एल्व्हिस प्रेस्ली याला ते गायचं होतं. डॉली हरखून गेली. ध्वनिमुद्रणाची वेळ ठरली. अगदी तोंडावर एल्व्हिसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला: एल्व्हिस जे गाणं गातो त्याचं प्रकाशन आमच्याकडे असतं, निदान अर्धं तरी.

ही अट डॉलीसाठी खास काढलेली नव्हती. १९५० च्या दशकापासून पार्करचा धंदा याच पद्धतीने चालत आला होता. एल्व्हिसच्या नावाच्या प्रकाशन कंपन्या होत्या आणि त्याच्यासाठी गाणी लिहिणारे वाटा देऊनच आत येत. नवख्या गीतकाराला तो सौदा वाईटही नव्हता. शून्याच्या शंभर टक्क्यांपेक्षा एल्व्हिसच्या विक्रीचे पन्नास टक्के केव्हाही बरे. पण डॉलीचं गाणं शून्यावर नव्हतं. ते आधीच गाजलेलं होतं.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, अर्धं प्रकाशन द्यायचं. दोन, सरळ नाही म्हणायचं. तिसरी वाट मला अभ्यासाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण तिची चर्चा झाल्याचं कुठे दिसत नाही. वाटा द्यायचा, पण फक्त एल्व्हिसच्या ध्वनिमुद्रणातून येणाऱ्या उत्पन्नात. मूळ रचना आणि पुढे कोणी गायलं तर त्याचं उत्पन्न यांना हात लावू द्यायचा नाही.

डॉलीने नाही म्हटलं. रात्रभर रडले, असं ती सांगते. एल्व्हिसला नाही म्हणतेस, वेडी आहेस का, असं आजूबाजूच्यांनी ऐकवलं.

इथे एक बारकावा आहे, तो सांगताना बहुतेक जण गाळतात. डॉलीने परवानगी नाकारली म्हणून एल्व्हिस गाऊ शकला नाही, असं नव्हतं. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद होती. मालकाच्या संमतीने रचनेचं एकदा ध्वनिमुद्रण बाजारात आलं की पुढे कोणालाही आपलं ध्वनिमुद्रण करता येई. रीतसर सूचना द्यायची आणि दर प्रतीमागे दोन सेंट मोजायचे. गाणं बाजारात आलेलंच होतं. एल्व्हिसने दोन सेंटांच्या दराने ते खुशाल गायलं असतं तर डॉली आनंदाने टाळ्या वाजवणार होती. दार बंद झालं ते पार्करच्या बाजूने. डॉलीने फक्त चावी दिली नाही.

त्या क्षणी या निर्णयाची किंमत स्पष्ट दिसत होती आणि फायदा कुठेच दिसत नव्हता. पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे तो आपल्याला दूरदृष्टीचा वाटतो. १९७४ मध्ये तो फक्त हट्ट होता. मात्र आंधळा हट्ट नव्हता. आपली गाणी ही आपल्या घरच्यांसाठी ठेवायची इस्टेट आहे, हे तिचं आधीपासूनचं गणित होतं आणि ते तिने एका मोठ्या नावासाठी मोडलं नाही.

मधल्या काळात गाणं इकडेतिकडे फिरत राहिलं. १९७५ साली लिंडा रॉनस्टॅटने आपल्या अल्बममध्ये ते घेतलं. १९८२ मध्ये डॉलीने एका चित्रपटासाठी ते स्वतःच पुन्हा गायलं आणि ते दुसऱ्यांदा कंट्री यादीत पहिलं आलं.

दुसरा पेच : ठरलेलं गाणं हातातून गेलं

‘द बॉडीगार्ड’ची पटकथा लॉरेन्स कॅस्डनने १९७० च्या दशकात स्टीव्ह मॅक्वीनला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. ती कित्येक वर्षं पडून राहिली. शेवटी केविन कॉस्टनरने मनावर घेतलं. तो नायकही होता आणि निर्मात्यांपैकी एकही. नायिका एक प्रसिद्ध गायिका, म्हणून त्याला व्हिटनी ह्यूस्टनच हवी होती. व्हिटनीने तोपर्यंत एकही चित्रपट केला नव्हता. गायिका म्हणून मात्र १९८५ ते १९८८ या काळात तिची लागोपाठ सात गाणी बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिली आली होती.

चित्रपटाच्या शेवटाला जिमी रफिनचं १९६६ चं एक गाजलेलं गाणं नव्याने घ्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात तेच गाणं पॉल यंगच्या आवाजात १९९१ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या एका चित्रपटात वाजलं. झालं, तयारी फुकट गेली. चित्रपटाचा सगळा भार ज्या गाण्यावर, ती जागाच रिकामी झाली.

कोणते पर्याय होते

ठरलेलं गाणंच रेटणं शक्य होतं, कायद्याची आडकाठी नव्हती. पण प्रेक्षक म्हणाला असता, हे तर आत्ताच ऐकलंय.

नवं गाणं लिहून घेणं हा सरळ मार्ग. डेव्हिड फॉस्टर संगीताचं काम बघत होता आणि नव्या गाण्यांची त्याच्याकडे वानवा नव्हती. या चित्रपटातली दोन नवी गाणी पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. नव्या गाण्याचा एक फायदा तर उघड होता, ऑस्कर फक्त चित्रपटासाठी नव्याने लिहिलेल्या गाण्याला मिळतं. कव्हर कितीही गाजलं तरी त्या स्पर्धेत त्याला जागा नाही.

तिसरा पर्याय दुसऱ्या एखाद्या जुन्या गाण्याचा. कॉस्टनरने रॉनस्टॅटच्या आवाजातलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ फॉस्टरपुढे ठेवलं. वरवर बघता निवड विचित्र होती. न्यूआर्कच्या चर्चमध्ये गात वाढलेल्या, पॉपच्या शिखरावर असलेल्या कृष्णवर्णीय गायिकेला कंट्रीतलं गाणं. पण पटकथेत बघितलं तर ते चपखल बसतं. नायिका आणि तिचा अंगरक्षक एकमेकांत गुंततात आणि तरीही वेगळे होतात. भांडण नाही, फसवणूक नाही. नेमकं हेच गाणं सांगतं.

चित्रपटाने आणखी एक शहाणपण केलं. त्यात एका बारमध्ये दोघं नाचतात तेव्हा जॉन डो या गायकाच्या आवाजात याच गाण्याचं कंट्री रूप वाजतं आणि नायिका त्याच्या रडकेपणाची थट्टा करते. म्हणजे शेवटी ती स्वतः ते गाते तेव्हा प्रेक्षकाच्या कानात गाणं आधीच पेरलेलं असतं. जुन्या गाण्याचं नवं रूप ऐकवायचं तर ऐकणाऱ्याला जुनं माहीत असावं लागतं. पॉप ऐकणाऱ्या लाखो लोकांना डॉलीचं गाणं ठाऊक नव्हतं. चित्रपटाने ती ओळख दोन मिनिटांत करून दिली.

काय केलं

पहिली पायरी परवानगीची. ध्वनिमुद्रणासाठी सक्तीचा परवाना चालतो, चित्रासोबत गाणं वाजवायला तो चालत नाही. तिथे मालकाची सिंक परवानगी, म्हणजे चित्राला गाणं जोडायची परवानगी, घ्यावी लागते आणि मालक नाही म्हणू शकतो. या गाण्यासाठी ठोठावायचं दार एकच होतं. १९७४ मध्ये अर्धा वाटा गेला असता तर १९९२ मध्ये दोन दारं झाली असती आणि दुसऱ्या दारामागे तोवर वारस आणि वकील बसलेले असते. हे गाणं तेव्हा घाईत हवं होतं, हे लक्षात घेतलं तर डॉलीचा जुना हट्ट इतरांच्याही कामाला आला असं म्हणायला हवं.

दुसरी पायरी तिसऱ्या कडव्याची. फॉस्टरने मांडणी रॉनस्टॅटच्या ध्वनिमुद्रणावरून केली होती. त्यात शेवटचं कडवं नाही. डॉलीशी फोनवर बोलताना त्याने हे सांगितलं, तेव्हा तिने त्याला अडवलं: ते कडवं घेतल्याशिवाय गाणं पूर्ण होत नाही. आणि फोनवरच शब्द सांगितले. मांडणी पुन्हा करावी लागली.

या फोनने काय केलं ते व्हिटनीचं गाणं समोर ठेवून बघा. दोन कडवी आणि ध्रुवपद झाल्यावर कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन येतो. त्यानंतर व्हिटनी परत खाली येते, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत, आणि तिसरं कडवं म्हणते. तुला सगळं मिळो, आणि सगळ्यांत वर प्रेम मिळो. तिथे क्षणभर सगळं थांबतं. मग रिकी लॉसनचा ड्रमवर एकच ठोका पडतो, आणि ध्रुवपद एक पूर्ण स्वर वर चढून येतं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहामधलं गाणं पांढरी सातमध्ये जातं. जगभर लोक ज्या जागेची वाट बघत हे गाणं ऐकतात, ती ही जागा. तिसरं कडवं नसतं तर सॅक्सोफोनवरून थेट त्या उंचीवर उडी मारावी लागली असती. उडी व्हिटनीला जमली असती, प्रश्न तो नाही. पण आधी ती तळाशी गेली म्हणून वरचा स्वर वर वाटतो.

तिसरी पायरी वाद्यं काढण्याची. सुरुवात पूर्णपणे बिनवाद्यांची असावी हा कॉस्टनरचा आग्रह. कथेत त्या क्षणी नायिका या माणसावर किती जीव टाकते ते उघडं व्हायला हवं, म्हणून. फॉस्टरला ते पटत नव्हतं, रेकॉर्ड कंपनीतही शंका होत्या. शंका धंद्याच्या दृष्टीने रास्त होत्या. रेडिओ ऐकणारा पहिल्या काही सेकंदांत स्टेशन बदलतो. ताल नाही, वाद्य नाही, नुसता एक आवाज पाऊण मिनिट चालणार, असं गाणं कोण लावणार? कॉस्टनरचं म्हणणं असं की रेडिओवर वाजलं नाही तरी चालेल, चित्रपटात ते असंच हवं.

तो पाऊण मिनिट जवळून ऐकण्यासारखा आहे. पहिल्या ओळीतला एक साधा स्वर ती ओढते, त्यावर छोटी मुरकी घेते आणि सोडून देते. श्वास ऐकू येतो. शब्दांमधल्या जागा ती भरत नाही. लय मोजायला हाताशी काहीच नसल्यामुळे किती थांबायचं हे सर्वस्वी गायिकेच्या हाती राहतं. आपल्याकडे ठेका सुरू होण्याआधी एखादा शेर किंवा ओळ मोकळी म्हणतात, तसाच हा प्रकार. हरकती भरपूर आहेत, पण पहिल्या भागात त्या आवाजाच्या काठाकाठाने जातात, मध्यभागी येत नाहीत. तिच्या नंतर टीव्हीवरच्या गायन स्पर्धांमध्ये ज्यांनी ज्यांनी हे गाणं घेतलं, त्यांनी बहुधा शेवटचा चढ उचलला आणि सुरुवातीचा हा संयम सोडून दिला.

मांडणी दुसऱ्याची, आग्रह तिसऱ्याचा, शब्द चौथीचे. व्हिटनीच्या वाट्याला काय उरलं? सगळंच. डॉलीच्या गाण्यात निघून जाणारी बाई आवाज चढवत नाही. तिला भीती आहे की आवाज चढवला तर पाय निघणार नाही. व्हिटनीच्या गाण्यात ती सुरुवातीला तशीच आहे आणि मग बांध फुटतो. अर्थ तोच ठेवून व्यक्तिरेखा बदलली. कव्हर म्हणजे नक्कल की नवनिर्मिती, या जुन्या वादात मी एवढंच म्हणेन की इथे दोन्ही ध्वनिमुद्रणं एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

निकाल

१९९२ च्या नोव्हेंबरात गाणं आलं, पाठोपाठ चित्रपट. नोव्हेंबर १९९२ च्या अखेरीपासून सलग १४ आठवडे ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिलं राहिलं. तेव्हाचा तो विक्रम होता. ब्रिटनमध्ये १० आठवडे. ज्या सुरुवातीमुळे रेडिओ हात लावणार नाही असं वाटलं होतं, तीच रेडिओवर ओळखीची खूण झाली. चित्रपटाच्या अल्बमने नाताळच्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत १० लाखांहून अधिक प्रती विकल्या. १९९४ च्या ग्रॅमी समारंभात हे गाणं वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरलं आणि अल्बम वर्षातला सर्वोत्तम अल्बम. ऑस्करच्या यादीत अपेक्षेप्रमाणे गाणं नव्हतं. त्याच चित्रपटातली दोन नवी गाणी होती आणि दोन्ही हरली.

डॉलीने ते पहिल्यांदा गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं. सुरुवातीला ओळखू आलं नाही, ध्रुवपद आल्यावर लक्षात आलं आणि गाडी बाजूला घ्यावी लागली, असं ती सांगते.

पैशांचं गणित बघू. अमेरिकेत १९९२-९३ साठी रचनेचा कायदेशीर दर प्रतीमागे ६.२५ सेंट होता. वाटाघाटीत तो कमी होतो, पण हिशेबाला तोच धरू. १० लाख प्रतींमागे ६२,५०० डॉलर. यातले निम्मे लेखकाचे, निम्मे प्रकाशकाचे. डॉलीला दोन्ही. अर्धं प्रकाशन दिलेलं असतं तर दर १० लाखांमागे १५,६२५ डॉलर दुसरीकडे गेले असते. अल्बमच्या प्रती जगभर चार कोटींच्या वर गेल्या, शिवाय सुटं गाणं वेगळं. बाहेरच्या देशांतले दर निराळे, त्यामुळे सरळ गुणाकार करू नये, पण आकड्याचा अंदाज येतो. रेडिओचं उत्पन्न याहून वेगळं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला नाही. व्हिटनीचं गाणं रेडिओवर वाजेल तेव्हा तेव्हा पैसे डॉलीला. हा न्याय आहे का, यावर तिथे अनेक वर्षं भांडण चालू आहे.

डॉलीने त्या पैशांतून नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात इमारती घेतल्या. व्हिटनीने बांधलेलं घर, असं ती त्याला म्हणते.

११ फेब्रुवारी २०१२ ला व्हिटनी गेली. न्यूआर्कच्या ज्या चर्चमध्ये ती लहानपणी गायची, तिथून तिची शवपेटी बाहेर निघाली तेव्हा हेच गाणं लावलं होतं. त्या दिवसांत ते बिलबोर्डच्या यादीत परत आलं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

वेगळं काय करता आलं असतं

वॅगनरपासून सुरुवात करू. गाण्याने निरोप झाला, हिशेब झाला नाही. सात वर्षांत दोघांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते. १९७९ मध्ये त्याने डॉलीवर ३० लाख डॉलरचा दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला. ज्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याच आठवड्यात वकिलासमोर बसून कोणाचं काय हे लिहून काढलं असतं तर पुढची कटुता टळली असती. मनं जुळलेली असतात तेव्हाच कागद स्वस्तात होतात, पण तेव्हा कागद काढणं कोणाला सुचत नाही, सुचलं तरी शोभत नाही.

पार्करची अट ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर आली. यात डॉलीच्या बाजूने एक ढिलाई दिसते. एल्व्हिसच्या मंडळींची ही पद्धत धंद्यात सर्वांना ठाऊक होती, वेळ ठरली त्या दिवशीच प्रकाशनाचा विषय काढता आला असता. मग वर सांगितलेली तिसरी वाट टेबलावर आली असती. एल्व्हिसच्या प्रतींवरचं उत्पन्न वाटून घेऊ, रचना माझी राहील. पार्करने ती मानली असती असं मला वाटत नाही, तो तत्त्वाने चालणारा माणूस होता, तत्त्व पैशाचं असलं तरी. पण एल्व्हिसच्या गळ्यातलं हे गाणं जगाला मिळालं नाही, ही हानी खरी आहे. डॉलीच्या निर्णयाचं कौतुक करताना ती विसरली जाते.

फॉस्टरची चूक साधी होती. कव्हर करताना त्याने मूळ न बघता दुसऱ्या कव्हरवर काम केलं. सुदैवाने फोन वेळेत झाला आणि समोर मूळ लेखिका होती. मूळ ध्वनिमुद्रण ऐकणं आणि प्रकाशकाकडून छापील शब्द मागवणं, हे पहिल्या दिवसाचं काम आहे.

कॉस्टनरच्या आग्रहाबद्दल मात्र माझं मत थोडं सावध आहे. तो बरोबर ठरला. पण त्याच आग्रहाने दुसऱ्या एखाद्या गायिकेचं गाणं आपटलं असतं. पाऊण मिनिट नुसत्या आवाजावर ऐकणाऱ्याला धरून ठेवायला तो आवाज लागतो. गायिका कोण हे माहीत असताना घेतलेला तो निर्णय होता, त्याला सर्वांसाठीचा नियम करू नये.

आपल्याकडे हेच झालं असतं तर

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आलं. आधी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी कव्हर करता येई, आता पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं. आगाऊ सूचना द्यायची, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची, आवरणावर हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आवश्यक तेवढाच बदल करायचा. व्हिटनीच्या गाण्याइतकी नवी मांडणी या चौकटीत बसते की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. अमेरिकेच्या कायद्यात गायकाच्या शैलीनुसार मांडणी करायला मोकळीक आहे, फक्त मूळ चाल आणि गाण्याचा गाभा बदलायचा नाही. त्यामुळे आपल्याकडे जुन्या भावगीताला किंवा चित्रपटगीताला नवं रूप देणाऱ्याने कायद्याच्या परवान्यावर विसंबण्यापेक्षा मालकाची लेखी संमती घेतलेली बरी. शिवाय कलम ३१सी फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे. गाण्यासोबत चित्र आलं, मग ते घरच्या गच्चीवर मोबाइलने घेतलेलं का असेना, की सिंक परवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

पार्करची अट आज एखाद्या मराठी गीतकारापुढे आली तर? त्याच २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे ध्वनिमुद्रणात आणि चित्रपटात वापरलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला लेखक-संगीतकाराचा निम्मा वाटा (चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याचा अपवाद सोडून) त्याला वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याशिवाय कोणालाही लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार टिकत नाही. म्हणजे डॉलीचा एक खिसा आपल्याकडे कायद्यानेच शिवून टाकला आहे. दुसरा, प्रकाशनाचा, अजूनही उघडा आहे, आणि त्याबद्दलची वाटाघाट ज्याची त्यालाच करावी लागते.